कॅनेमेयेरिडी कुल
ट्रायासिक कल्पात, सुमारे 25 ते 24 कोटी वर्षांपूर्वी भरभराटीस आलेले अवजड, शाकाहारी, चतुष्पाद प्राण्यांचे निर्वंश कुल. दिसण्यात सरीसृपांसारखे असले तरी हे प्राणी थेरॅप्सिडा गणातील, म्हणजे सस्तन प्राण्यांचे नातलग होत. डोळ्यांच्या खोबणीमागे कवटीच्या प्रत्येक बाजूस एकच विवर असणे ही त्या नात्याची खूण मानतात. कॅनेमेयेरिया ही नमुनेदार प्रजाती सीली यांनी 1908 मध्ये स्थापिली व दक्षिण आफ्रिकेतील जीवाश्मसंग्राहक डॉ. कॅनेमेयेर यांचे नाव तिला दिले; कुलाची स्थापना ह्यूने यांनी 1948 मध्ये केली.

कॅनेमेयेरियाची लांबी सुमारे 3 मी. असून डोके मोठे, धड पिंपासारखे, तर खांद्याची व कटीची हाडे रुंद असत. वरच्या जबड्यात सुळ्यांची एक जोडी असे. बाकी दातांऐवजी केराटिनाची (नखे व शिंगे ज्या प्रथिनाची असतात त्याची) चोच असून तिने वनस्पती कातरल्या जात.

भारतातील अवशेष प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील येर्रापल्ली शैलसमूहाच्या लाल पंकाश्मांत (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकांत) मिळाले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील तपन रॉय चौधरी यांनी 1970 मध्ये त्यांवरून वाडियासॉरस व रेक्निसॉरस या प्रजाती वर्णिल्या. पैकी पहिलीचे नाव भूवैज्ञानिक दा. नो. वाडिया यांच्यावरून आले असून तिचा सविस्तर अभ्यास शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केला. लहानमोठ्या अनेक प्राण्यांची हाडे एकाच ठिकाणी सापडल्यामुळे ते कळपाने राहत असावेत, असा तर्क केला जातो. हाडांच्या पातळ छेदांतील सूक्ष्मरचनेवरून बालवयात वाढ वेगाने होई व पुढे ती थांबत थांबत होई, असे दिसते. कवट्यांची मोजमापे कितीही घेतली तरी ही माहिती हाती लागत नाही, आणि म्हणून भारतीय सामग्रीचे मोल केवळ नव्या नावांपुरते नाही.

कुलाची व्याप्ती विवाद्य आहे. काही तज्ज्ञ रेक्निसॉरसला कॅनेमेयेरियाचीच जाती समजतात, तर वाडियासॉरसचे स्थान वर्गीकरणागणिक बदलते. चीनमधील सिनोकॅनेमेयेरियाचा समावेशही सर्वमान्य नाही.

आफ्रिकेत दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया व झांबिया येथे, तसेच अर्जेंटिनातही अवशेष आढळतात.

ट्रायासिक कल्पाच्या उत्तरार्धात त्यांची जागा स्टालेकेरिडी या निकटच्या कुलाने घेतली. पोलंडमधील हत्तीएवढी लिसोविचिया त्याच कुलातील होय.