शतपावली आणि रक्तशर्करा

जेवणानंतर सावकाश चालण्याच्या प्रथेस मराठीत शतपावली म्हणतात. आयुर्वेदातही तिचा उपदेश आहे. मधुमेहाच्या वाढत्या प्रादुर्भावामुळे या जुन्या सवयीला नवे महत्त्व आले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले.

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे रूपांतर शर्करेत होते आणि जेवणानंतर साधारणतः एक ते दोन तासांत रक्तातील तिची पातळी शिखर गाठते. चालताना आकुंचन पावणारे पायांचे स्नायू इन्सुलिनवर फारसे न विसंबता ही शर्करा शोषून घेतात. त्यामुळे हे शिखर खाली येते.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने ४१ मधुमेहींवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसात केव्हाही सलग ३० मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर प्रत्येकी १० मिनिटे चालल्यास जेवणोत्तर शर्करा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. श्रम तितकेच, फरक केवळ वेळेचा.

नावात शंभर पावले असली, तरी ती जेमतेम मिनिटभरात संपतात. दहा मिनिटांसाठी सुमारे हजार पावले हवीत.

त्यासाठी मैदान लागत नाही. तेलंगणातील आदिलाबाद या मराठीभाषकही असलेल्या सीमावर्ती जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. अशा ठिकाणी दुपारी घरातच किंवा ओसरीवर आणि रात्री अंगणात फेऱ्या घालणे श्रेयस्कर. ज्वारीची भाकरी असो वा भात, दोन्हींत पिष्ट असतेच. म्हणून भाकरी खाणाऱ्यांनीही शतपावली टाळू नये.

काही पथ्ये मात्र आवश्यक आहेत. इन्सुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर वा भोवळ जाणवल्यास थांबून त्वरित साखर घ्यावी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये. चालताना छातीत दुखत असल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. शतपावली ही औषधांची सोबती आहे, त्यांचा पर्याय नव्हे; वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी बंद करू नये.