तंजावरात राहिलेले कीर्तन



आता मी कीर्तनाला उभा राहत नाही. तरी भेटायला येणारी माणसे एक चिंता हमखास बोलून दाखवतात, “बुवा, मुलगा परदेशी राहिला. नातवाला मराठी वाचता येत नाही. आपल्यामागे हे कोण चालवणार?” माझाही एक नातू त्यातलाच, म्हणून उत्तर देताना मी अडखळतो. अशा वेळी मला तंजावर आठवते.

१६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले. १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केले. म्हणजे सुमारे १८० वर्षे कावेरीच्या मुलखात, तमिळ लोकांमध्ये, मराठी दरबार नांदला. समर्थांच्या संप्रदायाचे मठही तिकडे झाले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आजही जपलेली आहेत.

राज्य गेले. भिंतीवरची अक्षरे राहिली, पण देवदर्शनाला येणाऱ्यांत ती वाचणारे थोडेच. मग लोकांच्या तोंडी काय राहिले? तर कीर्तन!

१९ व्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला कीर्तने करीत. ही आपल्या वारकरी पद्धतीची नव्हेत, नारदीय धाटणीची. त्यांत आख्यान रंगे आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग येत. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४७–१९०३) ही धाटणी उचलली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. कथा तमिळमध्ये, गाणे कर्नाटक संगीताचे. पण मध्येच साकी येते, दिंडी येते, आणि त्यांची नावेही तीच राहिली. तिकडच्या भजनात आजही तुकोबांचे, नामदेवरायांचे अभंग गातात. गाणाऱ्यांची मातृभाषा तमिळ असते. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिरही उभे राहिले आहे.

माउली, आपण इथे विचार करावा. तंजावरच्या मराठी घरांतली बोली तमिळ शब्द घेऊन बदलली. अभंगाच्या उच्चाराला तमिळ वळण लागले. तरी म्हणणाऱ्यांनी म्हणणे सोडले नाही, म्हणून ते टिकले. ज्यांची ती भाषा नव्हती त्यांनीही ते आपले मानले, म्हणून ते वाढले. अभंग तमिळ वळणाने म्हटला म्हणून पांडुरंग काही परका झाला नाही.

हे मला कळत होते, पण वळले उशिरा. मागे नातवाने फोनवर हरिपाठाचा एक अभंग म्हणून दाखवला. उच्चार तिकडचे. जन्माची सवय, मी दर शब्दाला चूक काढली. पोर गप्प झाले. पुढे कितीतरी दिवस त्याने अभंगाचा विषय काढला नाही. परदेशाने त्याच्या तोंडचा अभंग नेला नव्हता, त्या दिवशी तो मीच थांबवला होता.

आता दर एकादशीला मी टाळ घेऊन फोनसमोर बसतो. तो पुढे म्हणतो, मी मागून म्हणतो. चुका होतात. होऊ देतो. आपल्याही घरी असे एखादे लेकरू असेल, तर त्याला आधी म्हणू द्या. शुद्ध करायला पुष्कळ एकादश्या आहेत.

रामकृष्णहरी.