हौशी क्लबचा कोच देशाचा विजेता कसा झाला? ल्यूक बेव्हरिज आणि सेंट बीड्स मेंटोन टायगर्स

२०१६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सर्वात मोठी स्पर्धा वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबने ६२ वर्षांनी जिंकली. त्यांचे कोच होते ल्यूक बेव्हरिज. त्याच्या फक्त आठ वर्षं आधी हेच बेव्हरिज मेलबर्नच्या एका उपनगरातल्या हौशी क्लबला शिकवत होते. त्या क्लबच्या खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळत नव्हते. या क्लबचं नाव सेंट बीड्स मेंटोन टायगर्स.

आधी खेळ समजून घेऊ

ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळता येतं, लाथेने मारता येतो, मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो. मात्र हाताने फेकता येत नाही. एका संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात आणि सामना चार भागांत होतो.

मैदानही लंबगोल असतं. याचं कारण क्रिकेट. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. त्यात पुढाकार घेणारे टॉम विल्स स्वतः नावाजलेले क्रिकेटपटू होते आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंना तंदुरुस्त ठेवायला काहीतरी खेळ हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे आजही दोन्ही खेळ एकाच मैदानावर होतात. २०२२ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये विराट कोहलीने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ धावा केल्या, ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड एरवी या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं घर आहे.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला तर गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात, त्याचा १ गुण. म्हणून धावफलक १३.११ (८९) असा दिसतो. अर्थ असा की १३ गोल, ११ बिहाइंड, एकूण ८९ गुण.

हौशी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे हौशी नाट्यसंस्था असतात. दिवसभर नोकरी करायची, संध्याकाळी तालीम करायची आणि स्पर्धेत मात्र जीव ओतायचा. मेलबर्नचं हौशी फुटबॉल साधारण तसंच आहे.

या क्लबांची संघटना म्हणजे व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन. तिची सुरुवात १८९२ मध्ये वेगळ्या नावाने झाली आणि सध्याचं नाव १९३३ पासून आहे. अनेक क्लब शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे आहेत. ‘खेळाडूंना पैसे नाहीत’ हे इथलं मूळ तत्त्व आहे.

या तत्त्वाची किंमत एका संघाने फार पूर्वी मोजली. मेलबर्न विद्यापीठाचा संघ १९०८ मध्ये सर्वोच्च लीगमध्ये आला. १९११ मध्ये लीगने खेळाडूंना पैसे द्यायला उघड परवानगी दिली. विद्यापीठाचा संघ मात्र हौशीच राहिला. पुढे तो सलग ५१ सामने हरला आणि १९१४ च्या हंगामानंतर लीगमधून बाहेर पडला. पगारी आणि हौशी खेळाच्या वाटा वेगळ्या झाल्याचं एवढं ठळक उदाहरण दुसरं नाही.

मेंटोनचा क्लब आणि तीन वर्षं

मेंटोन हे मेलबर्नच्या आग्नेयेला, समुद्रकाठचं उपनगर. सेंट बीड्स ही तिथली मुलांची कॅथलिक शाळा, १९३८ मध्ये सुरू झालेली. क्लबच्या नावात शाळा आणि उपनगर दोन्ही आहेत.

हौशी स्पर्धेत क्लबांच्या श्रेणी असतात. जिंकलात तर वरच्या श्रेणीत, तळाला राहिलात तर खालच्या श्रेणीत. देशाच्या मुख्य लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, असं होत नाही. तिथे शेवटचा संघही पुढच्या वर्षी तिथेच असतो. त्यामुळे हौशी कोचवर वेगळंच दडपण असतं. एक वाईट हंगाम गेला की क्लब खाली जातो आणि चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, तर पैशाने दुसरे आणता येत नाहीत.

बेव्हरिज यांच्या काळात या क्लबने काय केलं पाहा:

• २००६ : सी श्रेणीचं विजेतेपद
• २००७ : बी श्रेणीचं विजेतेपद
• २००८ : ए श्रेणीचं, म्हणजे सर्वोच्च हौशी श्रेणीचं विजेतेपद

सलग तीन वर्षं, तीन वेगळ्या श्रेणी आणि दर वर्षी आधीपेक्षा तगडे प्रतिस्पर्धी. एकाच श्रेणीत तीनदा जिंकण्यापेक्षा हे अवघड, कारण दर हंगामात संघाला नव्या पातळीवर खेळायला शिकावं लागतं.

मग थेट मोठी उडी?

नाही, आणि इथेच ही गोष्ट अनेकदा चुकीची सांगितली जाते. बेव्हरिज अनोळखी नव्हते. १९८९ ते १९९९ या काळात ते मेलबर्न, फुट्सक्रे आणि सेंट किल्डा या तीन क्लबांकडून सर्वोच्च लीगमध्ये ११८ सामने खेळले होते. फुट्सक्रे म्हणजेच नंतरचा वेस्टर्न बुलडॉग्ज.

मेंटोननंतरही त्यांनी उमेदवारी केली. २००९ आणि २०१० मध्ये ते कॉलिंगवुडमध्ये तरुण खेळाडू घडवणाऱ्या कोचच्या भूमिकेत होते आणि २०१० चं विजेतेपद कॉलिंगवुडने मिळवलं. २०१२ ते २०१४ ते हॉथॉर्नचे सहायक कोच होते. त्यातली शेवटची दोन्ही विजेतेपदं हॉथॉर्नची. २०१४ च्या अखेरीस बुलडॉग्जने त्यांना मुख्य कोच केलं, तेव्हा क्लबचा कोच आणि कर्णधार दोघंही नुकतेच सोडून गेले होते आणि संघ १८ पैकी १४ व्या क्रमांकावर होता.

२०१६ : सातव्या क्रमांकावरून

२०१६ मध्ये साखळी संपली तेव्हा बुलडॉग्ज सातवे होते. त्या क्रमांकावरून तोवर कोणीही जिंकलं नव्हतं. त्यांनी पर्थमध्ये वेस्ट कोस्टला हरवलं, मग सलग तीन वेळचे विजेते हॉथॉर्न, म्हणजे बेव्हरिज यांचाच जुना क्लब. उपांत्य फेरीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीला अवघ्या ६ गुणांनी नमवलं. १ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात सिडनीविरुद्ध निकाल लागला १३.११ (८९) विरुद्ध १०.७ (६७). १९५४ नंतरचं हे पहिलं विजेतेपद.

कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामाच्या सुरुवातीलाच बाहेर गेले होते. विजेत्या कोचला जॉक मॅकहेल पदक मिळतं. बेव्हरिज यांनी ते घेतलं, मर्फींना मंचावर बोलावलं आणि पदक त्यांच्या गळ्यात घातलं. मैदानावर न खेळलेला माणूसही संघाचाच, हे सांगायला भाषणाची गरज पडली नाही.

या पदकाशी एक जुनं नातंही आहे. जॉक मॅकहेल यांच्या कॉलिंगवुडने १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदं जिंकली. त्या चारही संघांत जॅक बेव्हरिज खेळले होते. ते ल्यूक यांचे आजोबा.

माजी कोचची यादी का महत्त्वाची?

हौशी क्लबकडे विकत घेतलेले तारे नसतात. खेळाडू येतात, नोकरी, लग्न, स्थलांतर यामुळे जातात. अशा क्लबमध्ये कोणत्या कोचने काय घडवलं, हाच इतिहास उरतो. हौशी यश मिळालं की मोठ्या लीगचं दार उघडतंच असं नाही. बेव्हरिज यांनाही त्यानंतर पाच हंगाम दुसऱ्यांच्या हाताखाली काम करावं लागलं. पण पैशाचं आमिष नसताना माणसं एकत्र बांधायची कशी, हे त्यांनी मेंटोनमध्ये सलग तीन वर्षं करून दाखवलं होतं. आणि त्या उपनगरातल्या क्लबच्या माजी कोचच्या यादीत आज देश जिंकलेल्या कोचचं नाव आहे.