सालीखालच्या अळ्या व कोष

वठलेल्या झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या कीटकांच्या अपूर्ण अवस्था. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी साग, सलई, अंजन, धावडा यांची वाळलेली खोडे आणि बांधावरच्या वठलेल्या बाभळी व आंबे ही त्या शोधण्याची ठिकाणे होत.

ओळखताना रंगाकडे पाहू नये. बहुतेक अळ्या पांढुरक्याच असतात. आधी पाय पाहावेत. छातीला सहा पाय आणि पोटाखालीही मांसल पायांच्या जोड्या असतील तर ती पतंगाची अळी. पाय नाहीत आणि वेगळे डोकेही दिसत नाही, ती बहुधा माशीची. उरतात त्या मुख्यतः भुंगेऱ्यांच्या अळ्या. लांबशिंगी भुंगेऱ्याची अळी जाड व मऊ असते. तिचे डोके छातीत ओढलेले, जबडे काळे, पाय नसल्यासारखे. पाठीवर व पोटावर असलेल्या फुगवट्यांच्या आधाराने ती बोगद्यात सरकते. आंब्याचा भिरूड याच कुळातला. मात्र तो जिवंत झाडही पोखरतो. धातूसारख्या चमकणाऱ्या ब्युप्रेस्टिडी कुळातील भुंगेऱ्यांच्या अळीचा छातीचा पहिला खंड रुंद व चपटा, तर मागचे अंग निमुळते असते. तिचा बोगदाही चपटा, नागमोडी आणि बारीक भुशाने ठासलेला असतो. साल-भुंगेऱ्यांच्या अळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, वाकड्या व बिनपायांच्या. आईने कोरलेल्या मुख्य मार्गापासून त्यांच्या वाटा दोन्ही बाजूंना फुटतात. अळी निघून गेली तरी ही नक्षी मागे राहते, म्हणून सोललेली सालही जपून पाहावी.

वाकडी, जाड आणि सहा पायांची अळी दिसली की ती शेतातली हुमणी, असे ठरवू नये. हुमणी मातीत राहून मुळे खाते. कुजक्या लाकडात सापडणारी अळी तिच्या नात्यातल्या दुसऱ्या भुंगेऱ्याची असते आणि पिकाला तिच्यापासून अपाय नसतो. गुलाबी-लालसर, चपळ आणि शेपटीला दोन आकडे असलेली अळी सापडली तर तिला मारणे चुकीचे आहे: ती क्लेरिडी कुळातील शिकारी भुंगेऱ्याची असून लाकूड पोखरणाऱ्यांनाच खाते.

कोषांची ओळख सोपी. भुंगेऱ्याच्या कोषात पाय, पंख व शृंगिका सुट्या दिसतात. लांबशिंगी असेल तर लांब शृंगिका पोटाकडे वळवलेल्या असतात. पतंगाच्या कोषात हे अवयव अंगाला चिकटलेले असतात. कित्येक माश्यांचा कोष तपकिरी, पिंपाच्या आकाराच्या कवचात असतो.

जातीपर्यंत पोहोचायचे तर अळी वाढवून प्रौढ कीटक मिळवणे हाच भरवशाचा मार्ग. ओळख ताडून पाहायला जुने संदर्भ आहेत: डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत जे. सी. एम. गार्डनर यांनी भारतीय भुंगेऱ्यांच्या अपूर्ण अवस्थांवर लेखमाला लिहिली, सी. एफ. सी. बीसन यांचा वनकीटकांवरील ग्रंथ 1941 मध्ये आला. अळी वाढवायला साधनेही साधी पुरतात: अळीसह लाकडाचा तुकडा, बारीक जाळीने बंद केलेला डबा आणि अधूनमधून थोडा ओलावा. कोरड्या लाकडातली अळी प्रौढ व्हायला वर्षाहून अधिक काळही घेते. नमुना जपायचा असल्यास अळी आधी उकळत्या पाण्यात सोडावी, नाहीतर ती काळी पडते. मग मद्यार्कात ठेवावी. चिठ्ठीवर तारीख व गाव यांबरोबर झाडाचे नाव लिहावेच, कारण यजमान झाड कळले की संभाव्य जातींची यादी एकदम आखडते.