न्याय्य ऊर्जा स्थित्यंतर भागीदारी, दक्षिण आफ्रिका

कोळशावरील वीजनिर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करून नवीकरणीय ऊर्जेकडे वळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने धनिक देशांशी केलेला अर्थसाहाय्याचा समझोता. ग्लासगो येथील हवामान परिषदेत २ नोव्हेंबर २०२१ रोजी तो जाहीर झाला. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका व यूरोपीय संघ यांनी त्यात ८.५ अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले. इंडोनेशिया, व्हिएतनाम व सेनेगल यांच्याशी पुढे झालेल्या समझोत्यांना हाच नमुना ठरला.

पार्श्वभूमी : दक्षिण आफ्रिकेची सुमारे ८० टक्के वीज कोळशापासून मिळते. बहुतेक खाणी व औष्णिक केंद्रे म्पुमलांगा प्रांतात असून तेथील गावांचा रोजगार त्यांवरच चालतो. ‘एस्कॉम’ ही सरकारी वीज कंपनी कर्जबाजारी, तिचे संच जुने. त्यामुळे देशाने वर्षानुवर्षे भारनियमन सोसले. म्हणून प्रदूषण घटवताना वीजपुरवठा टिकवणे आणि खाणकामगारांना वाऱ्यावर न सोडणे, या दोन्ही अटी समझोत्याच्या नावातील ‘न्याय्य’ या विशेषणात येतात.

निधीचे स्वरूप : नोव्हेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या गुंतवणूक योजनेत २०२३–२७ या काळासाठी सुमारे १.५ लाख कोटी रँडची गरज दाखवली होती. आश्वासित रक्कम त्या मानाने तुटपुंजी होती. शिवाय तिच्यात अनुदान जेमतेम ४ टक्के. उरलेला भाग सवलतीची व व्यापारी कर्जे आणि हमी यांचा. जो देश आधीच कर्जाखाली आहे, त्याला हवामानबदल रोखण्यासाठी आणखी कर्ज काढायला लावणे, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होय.

कोमाती : १९६१ मध्ये सुरू झालेल्या कोमाती औष्णिक केंद्राचा शेवटचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झाला. त्या जागी सौर, पवन व बॅटरी-साठवण प्रकल्प उभारण्यासाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलरचे पॅकेज मंजूर केले. एस्कॉमच्या कायम कर्मचाऱ्यांना अन्यत्र सामावून घेता आले. कंत्राटी कामगार व त्यांवर जगणारे छोटे व्यावसायिक मात्र उघड्यावर पडले. पर्यायी रोजगार आधी आणि टाळे नंतर, हा क्रम येथे पाळला गेला नाही.

पुढील वाटचाल : वारा व ऊन मुबलक असलेले केप प्रांत म्पुमलांगापासून दूर आहेत आणि तेथील पारेषण वाहिन्या अपुऱ्या आहेत. नवीकरणीय वीजप्रकल्पांच्या २०२२ च्या लिलावात याच कारणाने एकाही पवनप्रकल्पाची निवड होऊ शकली नाही. विजेच्या टंचाईमुळे काही जुन्या केंद्रांचे आयुष्य २०३० पर्यंत वाढवण्यात आले. नेदरलँड्स व डेन्मार्क नंतर भागीदार झाले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतले. उर्वरित भागीदारांनी पारेषण वाहिन्या आणि कोळसापट्ट्यातील रोजगार यांसाठी अनुदानाचा वाटा वाढवला, तरच हे स्थित्यंतर न्याय्य म्हणता येईल.