जे.जे.तील चौदा मृत्यू आणि बाटलीवरचा क्रमांक

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील घरांत ‘मुंबईला नेले’ या दोन शब्दांना एके काळी ठरलेला अर्थ होता. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, की रुग्णाला रात्रीच्या एसटीत घालायचे, गिरगाव-लालबागच्या नातेवाइकाकडे उतरायचे आणि भायखळ्याचे जे.जे. किंवा परळचे के.ई.एम. गाठायचे. कोकण रेल्वे अजून यायची होती. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तरी मोठ्या आजाराचा रस्ता मुंबईकडेच जात होता. त्यामुळे १९८६ च्या आरंभी जे.जे.त जे घडले, ते कोकणाला परके नव्हते. आजचा धागा त्याविषयी.

त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे चौदा रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. मेंदूची सूज किंवा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी ते वापरीत. रक्तात गेले, की ते सुजलेल्या भागातील पाणी ओढून घेते. उपचाराची निवड तेव्हाच्या वैद्यकाला धरूनच होती. बाटलीत मात्र औषधी ग्लिसरॉल नव्हते. कारखान्यांत वापरण्याच्या प्रतीचे, डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले द्रव्य होते. दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट आणि गोड. डोळ्याला किंवा जिभेला फरक कळत नाही. ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते, लघवी कमी होत होत थांबते. हे ज्ञान नवे नव्हते. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषध कायदा जन्मला.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. पुरवठादार, तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रिपदावरील व्यक्ती यांच्यातील साटेलोटे त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत उघडे केले. सार्वजनिक स्मृतीत हे प्रकरण ‘भ्रष्टाचार’ म्हणून राहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या एका शब्दाखाली दुसरा प्रश्न झाकला जातो, असे मला वाटते: विष रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावर ते ओळखायचे कोणी?

बाटलीचा प्रवास पाहा. खरेदी, भांडार, फार्मासिस्ट, वॉर्डातील परिचारिका, मग रुग्ण. प्रत्येक टप्प्यावर ‘आधीच्याने पाहिले असेल’ असे गृहीत धरण्याचा मोह असतो. शिवाय मेंदूच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण मुळातच अत्यवस्थ. तो गेला, तर सहसा कोणी चमकत नाही. रुग्णालयात विषाला आजाराच्या आड सहज लपता येते. पहिला पुरावा बहुधा परिचारिकेच्या तक्त्यावर उमटतो, जेथे रुग्णाने किती पाणी घेतले आणि किती लघवी झाली हे दर पाळीत लिहिलेले असते. पण एका वॉर्डातील एक रिकामा रकाना ही केवळ ‘गुंतागुंत’ ठरते. निरनिराळ्या वॉर्डांतील तसे रकाने आणि भांडाराची वही एकाच टेबलावर आली, तरच त्यांतून आरोप तयार होतो. मूत्रपिंडाचा तज्ज्ञ, परिचारिका आणि भांडारपाल यांनी एकमेकांशी बोलणे हा येथे सौजन्याचा भाग नसून निदानाचा भाग आहे.

हे तत्त्व त्याच आवाराला अपरिचित नव्हते. १८९६ च्या प्लेगमध्ये वॉल्डेमार हाफकिन यांनी जे.जे.ला लागूनच असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना परळची लस टोचली गेली आणि १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते: क्रमांक ५३-एन. बाकीचे सुखरूप राहिले. चौकशीने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिन निलंबित झाले. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही साक्ष दुर्लक्षिली गेली होती. रोनाल्ड रॉस आदींनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून बाजू लढवली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतील लस मिळाली, हे लिहिलेले नसते तर हा वाद लढवताच आला नसता. सगळी लसच बदनाम होऊन मोकळी झाली असती.

मुंबईपुरतेच हे राहिले नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरला आणली जाऊ लागली. एकाच भागातून इतकी मुले का येत आहेत, हा प्रश्न तेथील डॉक्टरांनी विचारला आणि धागा खोकल्याच्या सिरपपर्यंत पोहोचला. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. तोवर अनेक मुले गेली होती.

आपल्याकडे आता मुंबईपेक्षा गोव्याचे बांबोळी जवळचे. मालवणचे ग्रामीण रुग्णालय, ओरोसचे जिल्हा रुग्णालय, मग रुग्णवाहिकेतून सरहद्दीपलीकडे: एका रुग्णाचे तीन हस्तांतर, दोन राज्ये, आणि सोबत एक कागद. औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद भारतात २०१० पासून होते. तिचा अर्ज डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका आणि फार्मासिस्टही भरू शकतात, आणि त्यात संशयित औषधाच्या बॅच क्रमांकासाठी एक रकाना ठेवलेला आहे.