उघड्या वाय-फायची गोष्ट

नेरुळला मामांकडे फायबर आलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. आतल्या खोलीत फोनवर स्पीड मोजला तर आकडा २०-२२च्या पुढे जाईना. मामांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. ‘‘अरे, तो पासवर्ड काढून टाक बघू. त्याच्यामुळेच नेट स्लो होतं.’’

हसू नका. हे वाक्य तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेल. मला ते फार वर्षांपासून माहीत आहे, कारण २००८ साली मामांच्या घरचं वाय-फाय याच कारणाने उघडं होतं. तेव्हा नवी मुंबईत तशी घरं बरीच होती आणि त्यांतलं एक देशभर गाजलं.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये एकापाठोपाठ एक स्फोट झाले, ५० हून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल पोहोचला होता. तपास करणाऱ्यांनी त्याचा आयपी पत्ता शोधला आणि ते थेट सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये येऊन पोहोचले. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतं. इमारतीच्या आसपास लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या कुणालाही ते वापरता आलं असतं आणि कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या महिन्यात दुसरा ईमेल आला तो माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल निघाला चेंबूरमधल्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून.

तोवर ‘कुणी फुकट नेट वापरलं तर वापरलं, आपलं काय जातं’ असा हिशोब होता. आता पोलीस आपल्या दारात येऊ शकतात हे लोकांना कळलं. लॅपटॉप घेऊन फिरू आणि उघडी नेटवर्कं हुडकून काढू, असं मुंबई पोलिसांनी जाहीर केलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. मामांनीही मला बोलावून घेतलं. मी कॉलेजात होतो, म्हणजे घराण्याचा अधिकृत कम्प्युटरवाला. कुलूप मीच लावलं.

आता मुद्द्याचं. लोकांनी कुलूप का लावलं नव्हतं? एक, सेटिंगची कटकट. दोन, वेग. यातलं दुसरं कारण त्या काळातल्या भारतात हास्यास्पद होतं. सरकारी धोरणानुसार २५६ केबीपीएस मिळालं की त्याला ‘ब्रॉडबँड’ म्हणत. घरातला राउटर मात्र ५४ एमबीपीएसचा असायचा. म्हणजे हवेतला रस्ता बाहेरच्या गल्लीपेक्षा दोनशे पट रुंद. कुलुपाने तो निम्मा अरुंद झाला असता तरी गाणं डाउनलोड व्हायला एक सेकंदही जास्त लागला नसता. पण ही समजूत हवेतून आली नव्हती.

वाय-फायचं पहिलं मानक १९९७ चं, वेग १ किंवा २ एमबीपीएस. त्याच्यासोबत पहिलं कुलूप आलं, वेप. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो ‘तारेइतकी गोपनीयता’. रेडिओ लहरी भिंत ओलांडून जातात, तेव्हा निदान तारेतून जाणाऱ्या डेटाइतका तरी आडोसा मिळावा, एवढीच माफक अपेक्षा. त्या वेळच्या वाय-फाय कार्डांतल्या चिप अशक्त होत्या, म्हणून कमी आकडेमोडीत भराभर चालणारी आरसी४ ही पद्धत घेतली गेली. ती रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये तयार केलेली. त्यात अमेरिकेचे निर्यातीचे नियम आडवे आले. पक्की कुलपं देशाबाहेर विकायला बंदी होती, म्हणून किल्ली फक्त ४० बिटांची ठेवली. थोडक्यात, कुलूप जन्मतःच हलकं होतं. निम्मं वेगासाठी, निम्मं सरकारसाठी.

पण खरी गंमत, खरं तर शोकांतिका, पुढे आहे. आरसी४ किल्लीपासून आकड्यांची एक लांबलचक माळ बनवतं आणि ती तुमच्या मजकुरात मिसळतं. तीच माळ दोनदा वापरली तर संपलं. दोन पॅकेटं एकमेकांवर ठेवली की माळ गळून पडते आणि आतला मजकूर डोकवायला लागतो. म्हणून वेपमध्ये प्रत्येक पॅकेटला किल्लीसोबत एक वेगळा क्रमांक जोडायचा, २४ बिटांचा. असे क्रमांक होतात १,६७,७७,२१६. ऐकायला भरपूर वाटतात. १९९९ मध्ये वाय-फाय ११ एमबीपीएसचं झालं. त्या वेगाने दीड-दीड हजार बाइटची पॅकेटं सतत पाठवली तर साधारण पाच तासांत सगळे क्रमांक संपतात आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू होतात. ५४ एमबीपीएसला हाच हिशोब तासाभरावर येतो. क्रमांक कसेही उचलले तर सुमारे ५,००० पॅकेटांतच कुठलातरी एक पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. काही कार्डं तर दर वेळी चालू केली की शून्यापासून मोजायला लागत.

म्हणजे नेटवर्क जितकं वेगवान, तितकं कुलूप लवकर झिजणार. पाच तासांचं हे गणित २००१ मध्ये बर्कलीच्या तीन संशोधकांनी मांडलं. त्याच वर्षी फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्याहून वाईट बातमी दिली: काही विशिष्ट क्रमांकांमुळे खुद्द किल्लीच बाहेर सांडते. (यातले शमीर म्हणजे प्रसिद्ध ‘आरएसए’ पद्धतीतला ‘एस’ आणि आरसी४ वाले रिव्हेस्ट म्हणजे त्यातलाच ‘आर’. जुन्या भागीदाराच्या घराचं दार कसं उघडतं ते मित्राने जगाला सांगावं, तसं.) थोड्याच दिवसांत कुणालाही चालवता येतील अशी फुकट साधनं इंटरनेटवर आली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची, म्हणजे ‘मोठी’ किल्लीसुद्धा एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून किमान साडेचार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं बाहेर आलं. चोर दुकानाच्या वाय-फायमधून आत शिरले असं मानलं जातं, आणि त्या वाय-फायला वेपच होतं.

आता अडचण अशी की तोवर जगभर वेपवाली कोट्यवधी कार्डं विकली गेली होती. ती फेकून द्या असं लोकांना सांगणार कोण? म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए नावाची मलमपट्टी आली. तिच्या आतली पद्धत टीकेआयपी. अट एकच होती, जुन्या चिपवरच चालली पाहिजे, फक्त सॉफ्टवेअर बदलून. इंजिनियरांनी हातात असलेल्या तुटपुंज्या आकडेमोडीत कसं भागवलं ते वाचण्यासारखं आहे. पॅकेट वाटेत कुणी बदललं का हे तपासायची त्यांची युक्ती इतकी हलकी होती की तिच्या जोडीला रखवालदार ठेवावा लागला: एका मिनिटात दोन खोटी पॅकेटं सापडली की नेटवर्क मिनिटभर बंदच. मला हे काम मनापासून आवडतं. दुष्काळात संसार चालवणाऱ्या माणसाचं काम आहे ते. पण ते तात्पुरतं होतं आणि त्यांनाही ते माहीत होतं. बरेचसे राउटर हा बोजा खरंच कुंथत उचलायचे. मामांची समजूत जन्मली ती इथे.

खरं कुलूप २००४ मध्ये आलं, डब्ल्यूपीए२. त्यात एईएस ही पद्धत होती, योआन डामन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची. मुख्य म्हणजे तिचं काम आता चिपमध्येच कोरून ठेवलं जाऊ लागलं. वेगाला तिचा भार जाणवेनासा झाला. २००९ मध्ये पुढचं मानक आलं, ८०२.११एन, शेकड्यांत एमबीपीएस देणारं. त्याने पारडं उलटंच केलं: वेप किंवा टीकेआयपी वापराल तर नवा वेग मिळणार नाही. जुनं कुलूप दिसलं की जोडणी निमूटपणे ५४ एमबीपीएसवर उतरते आणि प्रत्यक्षात हातात येतात वीस-बावीस.

आकडा ओळखीचा वाटला ना? मलाही वाटला.

पुढेही सगळं आलबेल होतं असं नाही. बटण दाबून जोडायची सोय म्हणून डब्ल्यूपीएस आलं, त्याला आठ आकडी पिन. शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा आणि राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासायचा. त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी उरल्या ११,०००. हे २०११ मध्ये उघड झालं. २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहोफ यांनी डब्ल्यूपीए२ मधलीच चूक दाखवली, तेव्हा जगभरच्या फोनना दुरुस्ती घ्यावी लागली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं.

तर नेरुळ. राउटरचं पान उघडलं. सुरक्षेच्या रकान्यात माझ्याच हातची निवड होती: टीकेआयपी. २००८ च्या त्या धावपळीत मी कुलूप लावलं, तेव्हा मामांचा जुना प्रिंटर तेवढंच ओळखायचा. मग राउटर बदलला तेव्हा प्रिंटर चालू राहावा म्हणून मी जुन्याच सेटिंग उतरवल्या आणि विसरलो. वेगासाठी नेट उघडं ठेवणाऱ्या मामांना इतकी वर्षं हसलो आणि त्यांचा वेग अडवून बसलो होतो मीच.

एईएस निवडलं, पासवर्ड बदलून लांब केला, डब्ल्यूपीएस बंद केलं. फोनवर आकडा ६० च्या वर गेला. मामा खूश झाले, मग अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून हाक आली, ‘‘अरे, प्रिंटर दिसत नाहीये!’’

कपाटाच्या वरच्या खणात एक जुनी यूएसबीची वायर सापडली. ती टेबलाच्या मागून नेऊन प्रिंटरला लावली. मामांनी विजेच्या बिलाची प्रत काढून बघितली. निघाली.